चहाला नाही म्हणायची तालीम

"शालन, वरवंटा कुठं ठिवलाईस गं?"

आत्या चुलीपुढून ओरडल्या. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. पाट्यावर मिरच्या, लसूण, सुकं खोबरं सगळं मांडून झालं होतं आणि वाटायचा दगडच जाग्यावर नव्हता. वरवंटा ही काही कुणी चोरून न्यायची वस्तू नव्हे. मी परड्यात बघितलं, न्हाणीत बघितलं, आणि मग माझं लक्ष दारामागच्या खुंटीकडे गेलं. तिथं टांगलेला हिरवा पिट्टू, म्हणजे फौजेतली पाठीवरची पिशवी, तोही गायब होता.

"आत्या, वरवंटा डोंगरावर गेलाय."

"कुनासंगं?"

"तुमच्या लेकासंगं."

आत्यांनी कपाळावर हात मारला. "आदी चुलीमागच्या इटा गेल्या, मग जनावराची पेंड गेली, आता वरवंटा. उद्या मलाच पिट्टूत घालून न्हील ह्यो मुडदा." आणि त्यांनी मिरच्या उखळात ओतल्या.

तो मुडदा म्हणजे माझे हे. गावाचा हणमंता, पलटणीच्या कागदावरचा हणमंत फडतरे. लग्नाला वर्ष झालं होतं, त्यातले जेमतेम काही आठवडे आम्ही एका छपराखाली काढले होते. आता दोन महिन्यांची सुट्टी मिळाली होती. मला वाटलं होतं, आता नवरा घरी राहील, चार गोष्टी बोलेल, जत्रेला नेईल. नवरा घरात आला तो फक्त आंघोळीला आणि जेवायला. उरलेला सगळा वेळ तो डोंगरावर होता, दगड घेऊन वर जायचा आणि तेच दगड घेऊन खाली यायचा. माझ्या माहेरी एखाद्यानं असं केलं असतं तर त्याला देवऋष्याकडे नेलं असतं.

सोनखडीत मात्र कुणाला त्यात नवल वाटत नव्हतं. साताऱ्याकडचं हे गाव असं की घरटी एक तरी माणूस फौजेत, आणि भिंतीवर देवांच्या फोटोंपेक्षा वर्दीतल्यांचे फोटो जास्त. मी फलटणची. माझ्या वडिलांची पिठाची गिरणी. आमच्याकडे चेष्टेनं म्हणायचे, सोनखडीत पोर रांगायला लागलं की आधी त्याची छाती मोजतात.

यांना कमांडो पलटणीत जायचं होतं. तिथं नुसतं अर्ज करून भागत नाही. निवडीचे काही महिने असतात, त्यात माणसाला पिळून, सुकवून, परत पिळून बघतात आणि बहुतेकांना माघारी धाडतात. लग्नाच्या थोडं आधी हे एकदा तिथून माघारी आले होते. पुन्हा एकदा जायची परवानगी मिळाली होती, आणि ती शेवटची. आता जमलं नाही तर पुन्हा विचारायचंसुद्धा नाही.

माघारी का आले? गावाला माहीत होतं, गुडघा दुखावला म्हणून. मलाही हेच सांगितलं होतं. लग्नात ते लंगडत होते. मुंडावळ्यांच्या आडून मी निरखून बघत होते, नवरा नेमका कुठल्या पायानं अधू मिळालाय ते. हळदीला ते उजव्या पायानं लंगडले. वरातीत डाव्या. मी तेव्हा नवी नवरी, बोलणार कुणाला? पण ध्यानात ठेवलं.

एक गोष्ट सरळ सांगून टाकते. यांनी पास व्हावं असं मला मनापासून वाटत होतं असं म्हटलं तर ते खरं नाही. यांची जुनी पलटण शांत ठिकाणी जाणार होती आणि यांचा क्वार्टरसाठी नंबर लागला होता. दोन खोल्या, आत नळ, दारात मोगरा लावायला जागा. नवरा रोज संध्याकाळी घरी. नापास झाले की माझा संसार सुरू होणार होता, पास झाले की मी सोनखडीत, आत्या आणि उखळ. एवढा साधा हिशेब होता.

शरीराची तयारी सुभेदार आबांकडे होती. आबा माझे चुलत सासरे, पेन्शनीत येऊन बरीच वर्षं झालेली, पण आवाज अजून ड्युटीवर. सकाळी ते पारावर काठी टेकून बसायचे आणि हे समोरून पिट्टू घेऊन पळायला लागले की सुरू करायचे.

"आरं ए रेड्या! पळतूयास का चरतूयास? तुज्यापरास आमची गाबणी म्हस बरी पळती! तुज्या बापानं तुला फौजेत घातला का पांजरपोळात?"

आणि काय सांगू, शिव्या ऐकल्या की यांच्या अंगात वारं शिरायचं. आबा जितके चढतील तितके हे पळायचे. पायाला फोड, खांद्याला घट्टे, ओठ फुटलेले, पण चेहरा असा खुललेला की वाटावं कुणी आहेर करतंय. मी विहिरीवरून बघायची. एवढा दणकट गडी, एवढ्या शिव्या पचवणारा, मग माघारी आला कशामुळं?

एके दिवशी दुपारी मी कोमट पाण्यात मीठ घालून यांना पाय शेकायला बसवलं. आत्या रानात गेल्या होत्या.

"गुडगा कुठला वं तुमचा?" मी विचारलं.

"उजवा."

"वरातीत डावा हुता."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी पाण्यात मीठ ढवळत राहिले.

"तुला कुनी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? मी काय डोळं मिटून लगीन लावलं व्हय?"

त्यांनी एक पाय पाण्यातून काढला, परत बुडवला. मग पाण्याकडे बघत म्हणाले, "कुनाला सांगनार न्हाईस?"

"आत्यास्नीबी न्हाई."

"च्यापायी आलो माघारी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. सगळं पार पाडलं होतं. झोप नाही, जेवण नाही, चिखलात लोळवलं, थंड पाण्यात उभं केलं, येईल त्या भाषेत शिव्या दिल्या, हे हलले नाहीत. शेवटची मोठी चाल राहिली होती. रात्रंदिवस ओझं घेऊन चालायचं. ती निम्मी झाली आणि रस्त्याच्या कडेला एक गाडी उभी दिसली. गाडीपाशी शिकवणाऱ्यांपैकी एक उस्ताद, आपल्याच बाजूचा, कराडकडचा. स्टोव्हवर आल्याचा चहा उकळत होता. त्यानं शिवी दिली नाही. तो हळूच म्हणाला, 'दमलास का रं बाळा? ये, टेक जरा. घोटभर च्या घे. तुज्या आईनं बगितलं असतं तर काय वाटलं असतं तिला?'

"मंग?"

"मंग काय. टेकलो. च्या लई झ्याक हुता." त्यांनी नाक ओढलं. "संपला तवा उठायला गेलो तर पायच उटंनात. त्यो म्हनला, पिट्टू टाक गाडीत. तुजं झालं."

मी हसले. हसायला नको होतं, मला माहीत आहे. पण एवढा धिप्पाड माणूस, वरवंटा पाठीवर घेऊन डोंगर चढणारा, आणि त्याला पाडलं कुणी तर कपभर चहानं! मी तोंडात पदर कोंबला तरी हसू थांबेना. हे पाय तसेच ओले घेऊन उठले आणि अंगणभर पाण्याची पावलं उमटवत बाहेर गेले. दिवे लागेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

जेवताना एकच वाक्य बोलले. "शिवी दिली असती ना, तर पळालो असतो."

ते मला पटलं. या गावात माणूस शिव्या खाऊनच मोठा होतो, शिवीला काय करायचं हे अंगातच असतं. मायेनं कुणी बोललं की काय करायचं, हे कुणी शिकवलेलंच नाही. आणि चहाचं तर विचारूच नका. सोनखडीत चहाला नाही म्हणणं म्हणजे त्या घराशी बोलचाल तोडणं. सुट्टीवर आलेल्या फौजीनं प्रत्येक उंबऱ्यावर घोटभर तरी घ्यायचाच. तो कराडचा उस्ताद हे सगळं जाणून होता. त्यानं माझ्या नवऱ्याला बरोबर गावाकडच्या रीतीत पकडलं.

हसल्याचं माझ्या मनाला लागलं होतं. क्वार्टरचा हिशेब बाजूला ठेवून मी त्यांना म्हटलं, "उद्यापास्नं सकाळी आबांची तालीम, दुपारी माझी."

"तू काय शिकवनार? फुगड्या?"

"न्हाई म्हनायला शिकवनार."

हे माझ्या वडिलांकडून आलेलं. गिरणीत सणासुदीला डब्यांची रांग लागायची आणि जो तो यायचा तो नात्यातला. 'दाजी, माझं तेवढं आधी दळून द्या की.' वडील कुणाचंच आधी दळत नसत आणि तरी कुणी रुसून गेल्याचं मला आठवत नाही. त्यांची रीत मी लहानपणापासून बघितली होती. माणसाच्या डोळ्यांत बघायचं. नाव घेऊन बोलायचं. नाही म्हणायचं. आणि कारण अजिबात सांगायचं नाही, कारण कारण सांगितलं की समोरचा ते मोडून काढत बसतो.

"खोटं बोलायचं न्हाई," मी यांना बजावलं. "रागवायचं न्हाई. पळून जायाचं न्हाई. आन बसायचं तर मुळीच न्हाई."

"मंग ऱ्हायलं काय?"

"न्हाई म्हनायचं ऱ्हायलं."

हे तुच्छतेनं हसले. हे काय अवघड, अशा थाटात दुसऱ्या दिवशी पिट्टू चढवून वस्तीवर निघाले. मी शेजारच्या चंपाकाकूंना आधीच सांगून ठेवलं होतं, हे येतायत, चहाला विचारा हं. यापेक्षा जास्त काही सांगितलं नव्हतं. सोनखडीत यापेक्षा जास्त सांगावंही लागत नाही.

मी कुंपणापलीकडून ऐकत होते.

"आरं हणमंता, ये की वाईच. च्या टाकलाय."

"नगं काकू."

"का रं?"

"आत्ताच प्यालोय." झालं, पहिल्याच फटक्यात खोटं.

"मंग काय झालं? आनिक घोटभर. का आता कमांडू झाल्यावर आमच्या कपातला च्या चालत न्हाई?"

"तसं न्हाई काकू, पर पळायचं हाय."

"पळ की, च्या पिऊन पळ. तुजा काका बी च्या पिऊनच पळायचा. बस हितं."

आणि बसले! पिट्टूसकट बसले. चंपाकाकूंकडून उठले ते खालच्या आळीत, तिथून वरच्या. संध्याकाळी घरी आले तेव्हा पोटात चहा डुचमळत होता आणि चालताना तो ऐकू येत होता म्हटलं तरी चालेल. आत्यांनी भाकरी वाढली तर खाववेना.

"आजारी हाईस व्हय रं?" आत्यांनी विचारलं.

"च्या बादला त्यास्नी," मी म्हटलं. यांनी माझ्याकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर जळून गेली असती.

हळूहळू सुधारणा झाली. आधी ते रागवायचे. खालच्या आळीतल्या एका म्हातारीवर खेकसून आले, तर मी त्यांना माफी मागायला परत धाडलं, आणि माफी मागायला गेले तर तिनं चहा पाजला. मग ते पळून जायला लागले, घर आलं की मान खाली घालून सुसाट. मी म्हटलं, तिथं रस्त्यात गाडी उभी असली की असंच मान खाली घालून पळणार का? ती माणसं मागून गाडी घेऊन येतील. मग एके दिवशी चंपाकाकूंच्या दारात हे थांबले, त्यांच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "चंपाकाकू, तुमचा च्या मला लई आवडतो. आत्ता न्हाई घ्यायाचो."

"का?"

हे नुसते हसले.

"आरं पर का?"

"जातो काकू." आणि चालायला लागले. पळाले नाहीत, चालत गेले. चंपाकाकू कप हातात धरून बघत राहिल्या आणि मग तो चहा स्वतःच प्यायल्या. रागावल्या नाहीत. उलट संध्याकाळी मला म्हणाल्या, "हणमंता लई शाना झालाय गं अलीकडं."

आबांना मात्र यातलं काही कळेना. "ह्या बायका पोराला बिगडवाय लागल्याती," ते पारावरून गरजायचे. "जवा बगावं तवा कुनाच्या तरी दारात उबा. ए रेड्या!" पण रेडा आता शिवी नसली तरी पळत होता, तेवढ्याच वेगानं. आबांना त्याचंच जास्त वाईट वाटत असावं.

मग बेंदूर आला. आमच्याकडे बैलांचा सण. बैलांची शिंगं रंगवून झाली, घरात पुरण शिजलं, आत्यांनी पहाटेपासून पोळ्या लाटल्या. लेक सणाला घरी आहे, ही त्यांना कधी नव्हे ती मिळालेली गोष्ट. ताट वाढलं, पोळीवर तूप सोडलं, कटाच्या आमटीची वाटी शेजारी. हे पाटावर बसायला वाकले आणि मी दारातून म्हटलं, "पिट्टू भरून ठिवलाय."

यांना कळलं. वाकलेले तसेच राहिले. माझ्याकडे बघितलं ते डोळे मी विसरले नाही. त्यात विनवणी होती, की हे तरी नको. मी दारातून हलले नाही.

ते सरळ झाले. आईसमोर उभे राहिले.

"आये, तुज्या हातची पोळी मला खायाचीच हाय. पर आत्ता न्हाई."

आत्यांना आधी चेष्टा वाटली. मग लेक खरंच खुंटीकडे निघालाय हे दिसलं तेव्हा त्यांच्या हातातलं तुपाचं भांडं खाली आलं. "आरं ताट वाडलंय! सनाचं वाडलेलं ताट टाकून कुटं निगालास? म्या काय केलं रं? पुढच्या बेंदराला तू कुटं असशील, मी असंन नसंन..." आणि त्यांना रडू आलं.

हे परत आले. मला वाटलं, बसणार. त्यांनी वाकून आईचे पाय धरले, थोडा वेळ तसेच राहिले, मग म्हणाले, "आये, संध्याकाळी खातो. रुसू नगंस." कारण सांगितलं नाही. पिट्टू चढवला आणि गेले.

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू काय केलंस गं त्याला?"

मी वाढलेलं ताट झाकून ठेवलं. आम्ही दोघीही दुपारभर उपाशी राहिलो. डोंगराकडे बघितलं तर मधल्या वाटेवर एक ठिपका चढताना दिसत होता, आणि तो इतक्या झपाट्यानं चढत होता की आबासुद्धा पारावरून काही ओरडले नाहीत. संध्याकाळी हे आले, हातपाय धुऊन आईच्या समोर बसले आणि गार पोळ्या दुधात कुस्करून इतक्या खाल्ल्या की आत्या वाढता वाढता हसायला लागल्या. "इचित्र पोरगं," एवढंच म्हणाल्या आणि आणखी एक वाढली.

त्या संध्याकाळी मला कळलं की हे पास होणार. आईच्या भरल्या ताटाला जो नाही म्हणू शकतो त्याला आता कुठला उस्ताद पाडणार? मला अभिमान वाटला. आणि लगेच तो हिशेब आठवला. नळ, मोगरा, संध्याकाळी घरी येणारा नवरा, हे सगळं मीच माझ्या हातानं घालवत होते. तेसुद्धा मन लावून.

निघायचा दिवस आला. आदल्या दिवशी आत्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, कारण मी बाहेरच्या गावची. सोनखडीत फौजी निघताना बाईनं डोळ्यांतून पाणी काढायचं नाही. त्याला मागून हाक मारायची नाही. एसटी वळणाआड गेली की मग काय ते रडायचं. "नगा जाऊ असं ह्या गावात आजवर कुनी म्हनलं न्हाई," आत्या म्हणाल्या. त्यांनी स्वतः नवऱ्याला कैक वेळा धाडलं होतं, मग लेकाला, आणि हे त्या मीठ किती घालायचं ते सांगावं तसं सांगत होत्या.

फाट्यावर आम्ही सगळे गेलो. आत्या आणि आबा बाभळीखाली उभे राहिले आणि आम्हाला दोघांना बोलू द्यावं म्हणून मुद्दाम दुसरीकडे बघायला लागले. हे ट्रंकेवर पाय ठेवून उभे होते, नवी हजामत, चेहरा उन्हानं रापलेला. मी ठरवून आले होते की म्हणायचं, जपून राहा, पोचल्यावर कळवा.

मी म्हटलं, "नगा जाऊ."

माझं मलाच ते ऐकू आलं आणि मग थांबवता येईना. "क्वार्टर मिळतंय आपल्याला. मला तुमच्यासंगं ऱ्हायाचंय वं. मला न्हाई पायजे ते कमांडो. लगीन झाल्यापास्नं मी तुमाला धड बगितलंसुदीक न्हाई. तुमाला काय झालं तर मी काय करू? नगा ना जाऊ." डोळे भरून वाहायला लागले. मी पुसलेही नाहीत. त्या क्षणी ते थांबले असते तर मी त्यांना अजिबात जा म्हटलं नसतं.

यांचा चेहरा पडला. ट्रंकेवरचा पाय खाली आला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आणि मग एकदम त्यांच्या डोळ्यांत उजेड पडला.

"आयला!" ते म्हणाले. "शेवटची परीक्षा व्हय ही? शालन, मी फसलोच हुतो की गं!"

त्यांना दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. सोनखडीच्या फाट्यावर बायको खरोखर 'नका जाऊ' म्हणते, हे त्या गावात जन्मलेल्या माणसाच्या डोक्यात येणार कसं? ते ताठ उभे राहिले, माझ्या डोळ्यांत बघितलं, मी शिकवलं होतं तसं, आणि माझं नाव घेतलं.

"शालन, मला तुज्यासंगंच ऱ्हायाचं हाय. पर आत्ता जातो."

कारण सांगितलं नाही. मग जरा वाकून, हळूच, शाळेतल्या पोरासारखं विचारलं, "बरुबर केलं का?"

एसटी आली होती. कंडक्टर ट्रंक वर घ्यायला सांगत होता. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. इतकं खूश झालेलं मी त्यांना लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

"पास," मी म्हटलं.

एसटी वळणाआड गेली. आत्यांनी सगळं बघितलं होतं, कदाचित ऐकलंही होतं. घर येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

हे परत आले ते सुगी संपता संपता. डोक्यावर कमांडोंची मरून रंगाची टोपी होती. वाळून काडी झालेले, एका कानाची पाळी फाटून शिवलेली, पण हसू या कानापासून त्या कानापर्यंत. आबांनी पारावरून उठून कडक सलाम ठोकला आणि लगेच, सवयीनं, एक शिवीही दिली. चंपाकाकूंपासून सगळी वस्ती अंगणात जमली आणि हे ओट्यावर बसून सांगायला लागले.

गाडी यंदाही उभी होती. चहा होता. तोच कराडचा उस्ताद होता. "म्या म्हनलं, उस्ताद, तुमचा च्या लई झ्याक असतो. आत्ता न्हाई घ्यायाचो. त्यो बगतच ऱ्हायला. का, म्हनला. म्या नुसता हसलो न् चाललो." चंपाकाकूंनी अभिमानानं आजूबाजूला बघितलं. "पर खरी गंमत म्होरं हाय. पार शेवटाला, पाय रगताळल्यालं, डोळ्याम्होरं काजवं, आन दुसरा एक उस्ताद आला. म्हनला, फडतरे, घरनं फोन आलाय. बायकू रडतीया. म्हनती, परत या, मला तुमच्यासंगं ऱ्हायाचंय. जा बाबा घरी. माज्या शेजारचा एक गडी असलंच काय ऐकून आदल्या दिवशी गेला हुता. आन मला आलं हसू! मोट्यानं हसलो. उस्ताद म्हनला, हसतोस काय? म्हनलं, उस्ताद, ह्यो पेपर माजा घरीच झालाय!"

अंगण हसून हसून आडवं झालं. आबांना ठसका लागला. मीही हसले. आत्या तेवढ्या हसल्या नाहीत, त्या आत निघून गेल्या.

माणसं पांगली. हे ओट्यावरच बसले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून. मी खाली पडलेल्या शेंगांची टरफलं गोळा करत होते.

"पर तुला कसं सुचलं गं ते?" त्यांनी विचारलं. "तितं असंच करत्यात, हे तुला कुनी सांगितलं? आन काय रडलीस! मी तर चाट पडलो."

"सुचलं नव्हतं," मी म्हटलं.

"मंजी?"

"मंजी खरंच म्हनत हुते. नगा जाऊ म्हून."

त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं ते तिथंच राहिलं, आणि मग हळूहळू गेलं. त्यांनी टोपी उचलली, आतून बघितली, परत ठेवली.

"मंग पास कशापायी म्हनलीस?"

"तुमी लई खूश झालावता."

त्यांनी तोंड परड्यातल्या बैलांकडे वळवलं. मला वाटलं, रागावले. मग ते म्हणाले, "बरं झालं मला कळलं न्हाई."

"का?"

"थांबलो असतो."

मी टरफलं तशीच टाकून त्यांच्याकडे बघितलं. खोटं बोलत नव्हते. हा माणूस खोटं बोलायला लागला की मला कुठला गुडघा ते कळतं.

"मंजी नापासच झाला असता," मी म्हटलं.

"नापासच," ते म्हणाले, आणि आत्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या दिसत असूनही त्यांनी माझा हात धरला.